शेवटच्या पंगतीपासून हिशोब: जेवणावळीला मटण किती आणायचं?

लग्न होऊन मी खानापूर तालुक्यातून बेळगावजवळच्या एका गावात आले, त्याच वर्षी गावची लक्ष्मी यात्रा होती. आमच्या भागात यात्रा म्हणजे गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे आणि प्रत्येक घरी मटण. दुपारी बारापासून आमच्या सोप्यात पंगती उठत होत्या. शेवटची पंगत साडेचारला बसली, ती आम्हा बायकांची. पहाटे पाचपासून चुलीशी असलेल्या आम्ही अकराजणी. पातेल्यात रस्सा होता आणि तळाला चार-पाच हाडं. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) पळी तळापर्यंत फिरवली आणि काही न बोलता सगळ्यांच्या ताटात रस्सा वाढला. कुणी तक्रार केली नाही. संध्याकाळी बाहेर पुरुषमंडळी म्हणत होती, "यंदा मटण बरोब्बर पुरलं."

पुढच्या जेवणाच्या आधी मी वही घातली. किती माणसं आली, किती किलो आणलं, कितव्या पंगतीला पातेलं रिकामं झालं, काय उरलं, हे सगळं लिहीत गेले. यात्रा, जावळं, करीदिनाची जेवणं, दिराच्या तालमीतल्या पोरांची जेवणं असं बरंच काही त्या वहीत साठलं आहे. चाळीस, साठ, शंभर माणसांचं जेवण पहिल्यांदाच अंगावर घेणाऱ्यांसाठी त्यातलं इथं पायरीपायरीनं मांडते. आकडे आपल्याकडच्या जेवणाचे आहेत: भाकरी किंवा चपाती, सुकं, रस्सा, भात, कांदा-लिंबू.

पहिली पायरी: दिवस बघा

माणसं मोजायच्या आधी कॅलेंडर उघडा. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत वर्ज्य असतात. संकष्टी, एकादशी, अमावास्या बघा. श्रावणात तर विषयच नाही. मंगळवारी जेवण ठेवलं आणि त्याच दिवशी अंगारकी आली, तर मटण खाणारी निम्मी माणसं त्या दिवशी उपवासाला बसतील आणि तुमचा सगळा हिशोब पहिल्याच फटक्यात चुकेल. रविवार, बुधवार, शुक्रवार त्यातल्या त्यात मोकळे. घरच्या देवाचा वार मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून जवळच्या चार घरांत विचारून घ्यावं.

देवाच्या नावानं बकरं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्नाटकात १९५९ च्या कायद्यानं देवळात आणि देवळाच्या आवारात पशुबळी द्यायला बंदी आहे. देवाला नैवेद्य दाखवणं वेगळं आणि कापणं-सोलणं वेगळं. ते कुठं आणि कुणाकडून करून घ्यायचं हे आधी ठरलेलं असावं.

दुसरी पायरी: डोकी नव्हे, ताटं मोजा

यादी काढताना आपण घरं लिहितो: "अक्काकडचे पाच, निपाणीचे सात, मामाकडचे चार." ही झाली डोकी. मटण डोक्यांवर ठरत नाही. प्रत्येक नावापुढं तो माणूस किती ताटाचा आहे, ते लिहायचं.

माळकरी आणि शाकाहारी माणसं आधी वेगळी काढा. आपल्या गावांत माळकरी पुष्कळ असतात, आणि शेजारपाजारचे लिंगायत आणि जैन लोकही जेवायला येतात. त्यांची मोजणी स्वतंत्र, चूल स्वतंत्र, पळीसुद्धा स्वतंत्र. त्यांचा स्वयंपाक मटण चुलीवर चढायच्या आधी उरकून झाकून ठेवावा. अख्खा मसूर, भरलं वांगं, भात, एक गोड पदार्थ एवढं झालं तरी मानानं जेवतात. उरलेल्या मटणाच्या रश्शावर त्यांची बोळवण करायचा विचारही मनात आणू नका. मुसलमान पाहुणे असतील तर मटण हलाल आहे ना, हे खाटकाकडं आधीच पक्कं करून त्यांना सांगून ठेवा. म्हणजे ताटावर बसल्यावर त्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

मग राहिले मटण खाणारे. पाच वर्षांच्या आतलं मूल आईच्या ताटात जेवतं, त्याला शून्य धरा. पाच ते बारा वर्षांचं मूल अर्धं ताट. सत्तरीच्या पुढची माणसं पाऊण ताट, कारण दात आणि पचन दोन्ही पूर्वीसारखं राहिलेलं नसतं. तालमीतली पोरं, शेतावर राबणारे गडी, कॉलेजातली उंचीला लागलेली मुलं, यांना दीड ताट. बाकी सगळे एक ताट.

बाकी सगळे म्हणजे बायकाही. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते. हिशोब करणारे बहुतेक जण बायकांचं अर्धं किंवा पाऊण ताट धरतात आणि म्हणतात, "बायका कमीच खातात." माझ्या वहीत उलटं दिसतं. ज्या जेवणात बायकांची पंगत आधी किंवा पुरुषांबरोबर बसली, तिथं त्यांनी पुरुषांइतक्याच फोडी घेतल्या. ज्या जेवणात त्या शेवटी बसल्या तिथं कमी घेतल्या, कारण पातेल्यात कमी होतं. दिवसभर चुलीच्या धगीत उभं राहिलेल्या बाईला भूक नसते, हे कुणी कधी तपासून पाहिलं? पूर्ण ताट धरा.

आणि स्वतःची माणसं विसरू नका. यादी पाहुण्यांची असते. घरातली माणसं, मदतीला आलेल्या शेजारणी, आचारी, त्याचा पोऱ्या, भांडी घासणारी मावशी, पाहुण्यांना घेऊन आलेला ड्रायव्हर, हे यादीत कुठंच नसतात. शेवटच्या पंगतीला कमी पडतं ते बहुतेक वेळा याच नावांमुळं. मी तर आता यादी यांच्यापासूनच सुरू करते. पाहुण्यांचा नंबर दुसरा.

एक उदाहरण करून बघू. पाहुण्यांची १०० नावं. त्यातले १४ शाकाहारी. उरले ८६. त्यात ६ तान्ही-लहान मुलं (शून्य), २० मोठी मुलं (१० ताटं), १२ म्हातारी माणसं (९ ताटं), तालमीतली ८ पोरं (१२ ताटं) आणि बाकी ४० जण (४० ताटं). झाली ७१ ताटं. घरचे आणि राबणारे मिळून ९. एकूण ८० ताटं. नावं शंभरावर आणि मटण ऐंशी ताटांचं.

तिसरी पायरी: एका ताटाला किती ग्रॅम

कच्च्या, हाडासकट मटणाचा हिशोब सांगते, कारण आपण दुकानातून तेच आणतो.

सुकं आणि रस्सा दोन्ही असलेल्या नेहमीच्या जेवणाला एका ताटाला २०० ग्रॅम. म्हणजे किलोत पाच ताटं. नुसता रस्सा-भात असेल, सोबत एखादी भाजी आणि गोड असेल, तर १५० ग्रॅम भागतं. यात्रेचं जेवण, जिथं माणूस वर्षातून एकदा मटणासाठीच म्हणून येतो, तिथं २५० ग्रॅम धरा, त्याच्या खाली जाऊ नका. त्याच्या वरही जाऊ नका. ३०० ग्रॅम धरून केलेली जेवणं माझ्या वहीत आहेत, आणि त्या प्रत्येकात उरलं आहे.

२०० ग्रॅम ऐकायला भरपूर वाटतं. पण त्यात पाव भागाच्या वर हाड असतं. राहिलेलं मांस शिजताना पाणी सोडून आकसतं, जवळजवळ पाव ते तिसरा हिस्सा कमी होतो. शेवटी ताटात खाण्यासारखं मऊ मांस येतं ते १०० ग्रॅमच्या आसपास. दुकानात पिशवी जड लागली म्हणून हात आखडता घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. नुसती मांडी घेतली तर हाड कमी निघतं, आणि ताटामागं २०-२५ ग्रॅम कमी आणलं तरी चालतं. फासळ्या आणि मान जास्त असेल तर तेवढंच वाढवावं लागतं. रश्शाला चव मात्र हाडामुळंच येते, तेव्हा नुसती मांडी आणून मोठ्या जेवणाचा रस्सा करू नये.

चिकन साफ करून, सालीशिवाय, ताटाला २०० ते २५० ग्रॅम. ते मऊ आणि हलकं असल्यानं माणूस सहज जास्त खातो. गावठी कोंबडीचं गणित निराळं: मांस घट्ट, हाड जास्त, आणि लोक रश्शासाठीच ती मागतात. तिथं १५०-१७५ ग्रॅमवर भागतं, पण शिजायला वेळ दुप्पट धरा.

मटण आणि चिकन दोन्ही करायचं असेल तर नवीन माणूस दोन्ही निम्मं-निम्मं आणतो आणि फसतो. ताटात दोन पदार्थ दिसले की माणूस दोन्ही घेतो, आणि मटण आधी संपतं. मटण १५० आणि चिकन १२५ असं धरा. बिर्याणी हाच मुख्य पदार्थ असेल तर एक किलो तांदळाला दीड किलो मटण, त्यात आठ-नऊ ताटं. खिमा हाडाशिवाय असतो, त्यामुळं ताटाला १०० ग्रॅम पुष्कळ झाला.

आपल्या उदाहरणात ८० ताटं गुणिले २०० ग्रॅम, म्हणजे १६ किलो.

चौथी पायरी: किलोच्या फोडी करून बघा

ही पायरी मला कुणी शिकवली नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. जेवणारा ग्रॅम बघत नाही, ताटातल्या फोडी बघतो. रश्शाच्या मापाची फोड ३० ते ३५ ग्रॅमची असते. किलोत साधारण ३० फोडी. १६ किलोत ४८०. ८० ताटांना वाटल्या तर ताटाला ६ फोडी.

आता या सहा फोडी कशा वाढायच्या, ते आधीच ठरवता येतं. तिसरा हिस्सा सुक्याला द्या आणि दोन हिस्से रश्शाला. म्हणजे १६० फोडी सुक्याच्या आणि ३२० रश्शाच्या. ताट वाढताना २ सुक्याच्या, २ रश्शाच्या. मागणीला आणखी २ रश्शाच्या. काहीजण दुसऱ्यांदा फोड घेत नाहीत, नुसता रस्सा घेतात. त्यांच्या फोडी जास्त खाणाऱ्यांना जातात. दीड ताटाच्या पोरांचं पोट असंच भरतं.

सुक्यात अर्ध्याहून जास्त मटण घालायचा मोह होतो, कारण सुकं पहिल्यांदा संपतं. पण सुकं कितीही केलं तरी पहिल्या दोन पंगतीच ते खातात. रश्शात फोडी तळाशी राहतात आणि वाढणाऱ्याच्या हातात राहतात.

फोडी लहान केल्या तर संख्या वाढते असं कुणी सुचवेल. करू नका. २० ग्रॅमची फोड मोठ्या पातेल्यात शिजून विरघळते, हाडाचे बारीक तुकडे रश्शात येतात आणि लहान मुलांच्या घशात अडकायची भीती असते.

पाचवी पायरी: खरेदी

चार दिवस आधी खाटकाला सांगून ठेवा. यात्रेच्या हंगामात, माघापासून वैशाखापर्यंत, एकाच वारी दहा गावांची मागणी असते. किती किलो हवं, किती वाजता हवं आणि फोड केवढी हवी, या तीन गोष्टी स्पष्ट सांगा. "रश्शाची फोड, नळी अख्खी ठेवा, चरबी निम्मी काढा" एवढं म्हटलं की जाणकार खाटीक समजतो. मुंडी, पाय, वजरी वजनात धरलेली नाही ना, हे आधी विचारा. काळीज मिसळून हवं की वेगळं, तेही.

इथं नव्यानं आलेल्यांचा शब्दांवरून घोळ होतो. आपल्या भागात "बकरं" म्हटलं की पुष्कळ ठिकाणी मेंढराचं मटण मिळतं. शेळीचं हवं असेल तर "बोकड" किंवा "शेळी" असं स्पष्ट म्हणा. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडं दुकानदार कन्नड बोलत असेल तर "कुरी" म्हणजे मेंढरू आणि "आडू" म्हणजे शेळी. मेंढराच्या मटणाला चरबी जास्त सुटते, तेल त्या मानानं कमी घालावं लागतं. किलोचा हिशोब दोन्हींना तोच.

जिवंत जनावर घ्यायचं असेल तर वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण मिळतं. २० किलोचा बोकड नऊ-दहा किलो देतो. आपल्याला १६ किलो हवं, तर १७-१८ किलोची दोन जनावरं लागतील. वजन सकाळी, चारा-पाणी देण्याआधी करा. पोट भरलेलं जनावर काट्यावर दोन किलो जास्त दाखवतं, आणि ते दोन किलो पातेल्यात येत नाहीत. मुंडी, पाय, वजरी, रक्ती ही वरची मिळकत. आमच्याकडं रक्ती आणि काळीज सकाळीच परतून राबणाऱ्यांना भाकरीबरोबर देतात. मला ही रीत फार आवडते. त्यांच्या पोटात वेळेवर काहीतरी जातं.

दोन-तीन घरांनी मिळून बोकड घेतला तर वाटे पडतात. वाट्यात मांडी, खांदा, फासळी, मान, काळीज सगळं थोडं-थोडं येतं, आणि घरच्या जेवणाला ते छानच. पन्नास ताटांचं जेवण वाट्यांवर उभं करू नका. ऐनवेळी वाट्याचं वजन किती भरेल, याचा नेम नसतो.

कापल्यापासून चुलीवर चढेपर्यंतचा वेळ मोजा. उन्हाळ्यात कच्चं मटण उघड्यावर तासाभरापेक्षा जास्त राहू देऊ नये, थंडीत दोन तासांपेक्षा जास्त नाही. शहरातून खानापूरच्या आतल्या गावाला न्यायचं असेल तर बर्फाच्या डब्यातून न्या. पिशवीत भरून दुचाकीला अडकवून नेऊ नका.

सहावी पायरी: वाढीव किती धरायचं

यात्रेला पाहुण्याबरोबर पाहुणा येतो. त्याला दारातून परत पाठवणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. गावात उघडं आमंत्रण असेल तर दहा टक्के ताटं जास्त धरा. शहरात हॉल घेऊन, नावानिशी बोलावलं असेल तर काहीही वाढवू नका, उलट पाच-सात जण येतच नाहीत.

हे दहा टक्के मटणातच आणायला पाहिजेत असं नाही. मी अंडी आणते. आठ ताटं जास्त लागतील असं वाटलं तर वीस अंडी उकडून ठेवते, आणि तिसऱ्या पंगतीनंतर पातेल्यात डोकावून गरज दिसली तरच रश्शात सोडते. गरज नाही पडली तर अंडी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला होतात. जास्तीचं मटण असं मागं ठेवता येत नाही, शिजलं की शिजलं.

सातवी पायरी: रस्सा, भात, भाकरी

मटण पुरतं की नाही, यात यांचा वाटा मोठा असतो. किलोला दीड लिटर रस्सा धरा. १६ किलोला २४ लिटर, म्हणजे ८० ताटांना ३०० मिली, दोन वाट्या. मटण आणि रस्सा मिळून चाळीस लिटरच्या घरात जातं, आणि उकळीला वर जागा लागते, म्हणून साठ लिटरचं एक किंवा तीस-पस्तीसची दोन पातेली सांगा. मला दोन बरी वाटतात. एक शेवटपर्यंत हात न लावता झाकून ठेवता येतं.

मसाला घालायच्या आधी अळणी पाणी (मटण शिजलेलं बिनमसाल्याचं पाणी) दोन-तीन लिटर बाजूला काढा. मुलं आणि म्हातारी माणसं अळणी आणि भात आवडीनं खातात, त्यांच्या फोडीही त्यातच ठेवाव्यात.

किलोला पाव किलो कांदा, १०० ग्रॅम सुकं खोबरं, ५० ग्रॅम लसूण, २५ ग्रॅम आलं हे प्रमाण १६ किलोपर्यंत तसंच चालतं. चटणी (म्हणजे लाल तिखट) आणि मीठ मात्र सरळ गुणाकारानं घालू नका. हिशोबाच्या पाऊण हिस्सा घाला, उकळी आली की चाखा, मग उरलेलं. संकेश्वरी मिरचीची चटणी तिखट, ब्याडगीची रंगाला. पाहुण्यांत शहरातली पोरं जास्त असतील तर संकेश्वरी कमी करून ब्याडगी वाढवा.

भाताचं आणि भाकरीचं प्रमाण गाव बघून ठरतं. खानापूर, जांबोटी, नंदगडकडं भात पिकतो आणि माणूस भातच जेवतो. तिथं दहा ताटांना सव्वा किलो तांदूळ, भाकरी ताटाला जेमतेम एक, आणि रस्सा वर सांगितल्यापेक्षा थोडा जास्त करावा लागतो. अथणी-चिकोडीकडं ज्वारीची भाकरी हेच जेवण. तिथं ताटाला दोन भाकरी, आणि दहा ताटांना पाऊण किलो तांदूळ. किलो पिठाच्या दहा-अकरा भाकरी होतात. बेळगावच्या आजूबाजूला दोन्ही चालतं, दहाला एक किलो तांदूळ आणि ताटाला दीड भाकरी. येळ्ळूर-वडगाव भागातला बेळगाव बासमती मिळाला तर वासानंच माणूस एक वाढणी भात जास्त मागतो, त्याची तयारी ठेवा.

शाकाहारी ताटांचा भात याच मोजणीत धरायला विसरू नका. मटण ८० ताटांचं आहे, पण भात ९४ ताटांचा लागणार.

आठवी पायरी: वाढप

इथं सगळा हिशोब सावरतो किंवा बिघडतो. पहिली पंगत बसायच्या आधी, पातेलं उतरल्या उतरल्या, शेवटच्या पंगतीचं मटण वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवा. राबणाऱ्यांची ९ ताटं असतील तर ५४ फोडी, सुक्याच्या १८ आणि रश्शाच्या ३६, मोजून. मोजायला लाजू नका. भांड्यावर झाकण घालून ते निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर राहू द्या, म्हणजे जेवेपर्यंत गरम राहील. त्याला हात लावायचा अधिकार घरातल्या एकाच माणसाला. आमच्याकडं तो आत्यांकडं होता, आता माझ्याकडं आहे.

पंगतीत मटण वाढायला एकच माणूस ठेवा, किंवा फार तर दोन. बाकीचे भात, भाकरी, रस्सा, कांदा वाढतील. एकाच हातानं वाढलं की पळीत किती फोडी येतात ते त्या हाताला कळतं. पळी तळातून घालायची, पण दोन फोडी आल्या की थांबायचं. "आपला माणूस" दिसला की पळी भरून ओतणारा वाढपी पहिल्या पंगतीत दहा ताटांचं मटण संपवतो. ज्याला मागणी नाकारता येत नाही, त्याच्या हाती मटणाचं पातेलं देऊ नये. त्याला भाताकडं पाठवावं, तिथं त्याचा मोठा हात शोभतो.

दुसऱ्यांदा वाढायच्या आधी सगळ्या पंगतीला पहिल्यांदा मिळालं आहे ना, हे बघून घ्या. लहान मुलांच्या ताटात फोडी तोडून, हाड काढून घालायला एक मावशी बसवा. मुलांच्या ताटातलं वाया जातं ते तेवढ्यानं थांबतं.

बुफे असेल तर मटण १५ टक्के जास्त धरा. स्वतःच्या हातानं घेणारा माणूस पहिल्याच फेरीत जास्त घेतो, कारण पुन्हा रांगेत यायचं नसतं. तिथंही मटणाच्या भांड्याशी वाढायला माणूस उभा केलात तर निम्मा फरक भरून निघतो.

उरलं तर

एका जावळाला आम्ही ताटाला ३०० ग्रॅम धरलं. एप्रिल महिना. पाच-सहा किलोचं मटण उरलं. दमलेली माणसं पातेल्यावर झाकण घालून झोपली. सकाळी झाकण काढल्यावर वास आला. सगळं खड्ड्यात पुरावं लागलं. ज्या जनावराचं ते होतं त्याची, आणि ज्यानं ते शिजवलं त्याच्या मेहनतीची मला त्या दिवशी फार खंत वाटली.

मोठं पातेलं आतून पाच-सहा तास कोमट राहतं, आणि तीच वेळ घातक असते. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. रस्सा कोमट झाला की ते वाढायला लागतात. म्हणून उरलेलं मटण लगेच दोन-तीन परातींत, पसरट भांड्यांत काढा, पंख्याखाली गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. एवढ्या मटणाला फ्रिजमध्ये जागा नसते हे खरं. म्हणूनच डबे आधीपासून तयार ठेवा. शेवटची पंगत उठली की पाहुण्यांबरोबर, शेजारी, मदतीला आलेल्या बायकांच्या घरी त्याच संध्याकाळी डबे पोचवा. दुसऱ्या दिवशी खायचं असेल तर खळखळून उकळी आणल्याशिवाय ताटात घेऊ नका, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका.

वही

रात्री झोपायच्या आधी पाच ओळी लिहा. किती ताटं धरली आणि किती उठली. किती किलो आणलं. सुकं कितव्या पंगतीला संपलं. अंडी घालावी लागली का. किती डबे वाटले. वार आणि महिनाही लिहा, कारण उन्हाळ्यातलं खाणं आणि थंडीतलं खाणं सारखं नसतं. दोन-तीन जेवणांनंतर माझे आकडे बाजूला पडतील आणि तुमच्या घराचे आकडे तुमच्याकडं तयार होतील.

माझ्या वहीत एक सहावी ओळ असते: शेवटच्या पंगतीला किती फोडी. मागच्या यात्रेला तिथं सहा लिहिलं आहे. त्या पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं.